मागायचं आईबापांनी

शनिवारी दुपारी मी देवळातल्या मागच्या बाकांवर आईबापांना बसवते आणि त्यांना मागायला शिकवते. आमच्या वसईकडे चर्चला देऊळच म्हणतात, आणि खालापुरात इतकी वर्षं काढूनही माझ्या तोंडी तोच शब्द येतो. मूल बाप्तिस्म्याला आणलं की फादर दारातच आईबापांना विचारतात, "या बाळासाठी तुम्ही काय मागता?" त्यावर आईबापांनी म्हणायचं असतं, "बाप्तिस्मा." एका शब्दाचं उत्तर, पण त्यावर माझा अर्धा तास जातो. रसायनीच्या कारखान्यात यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बोलणारा बाप इथे आला की तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. मी म्हणते, "देवाला ऐकू गेलं असेल हो, पण मला नाही आलं. परत."

डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांची वाडी आहे, तिथली एक आई मध्यंतरी वर्गाला येत होती. मांडीवर पोर, पोराच्या नाकाला शेंबूड. मी तिला विचारलं, "बाळासाठी काय मागतेस?"

ती जराही न अडखळता म्हणाली, "त्याला ताप नाय आला पायजे."

"ते नंतर माग. आधी बाप्तिस्मा माग."

"दोनी मागितलं तं नाय चालायचं का, बाई?"

मी फादरना जाऊन सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, चालेल म्हणावं. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिने खणखणीत आवाजात दोन्ही मागितलं आणि अख्ख्या देवळाने ते ऐकलं.

या वर्गाला कधीकधी एकट्या आज्याही येतात. मुलगा-सून मुंबईला किंवा पनवेलला, त्यांना वेळ नाही, किंवा वेळ आहे पण मन नाही. आजी पदराने तोंड पुसत म्हणते, "तुम्ही फादरना एक शब्द टाका ना. पोर सुट्टीला येईल तेव्हा उरकून घेऊ." मी त्यांना पाणी देते, पंख्याखाली बसवते आणि परत पाठवते. "मागायचं आईबापांनी. आजीने मागून चालत नाही." एकीने मला तोंडावर विचारलं, "तुमचं काळीज कशाचं आहे हो?" मी तिच्या हातातला रिकामा पेला घेतला. तिला घरी काय उत्तर द्यायचं ते तिचं तिने शोधावं, मी माझं शोधत होते.

कारण माझाही एक नातू आहे आणि त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही.

माझी मुलगी कर्जतला एका हॉस्पिटलात नर्स आहे. जावई तिथल्याच, कोंडाणे लेण्यांकडच्या एका गावातला, भातशेतीवाल्या हिंदू घरातला. तो माथेरानच्या एका हॉटेलात नोकरीला आहे, त्यामुळे शनिवार-रविवार त्याला मान वर करायला फुरसत नसते. सुरुवातीला मी त्याच्यात खोट काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. सापडली नाही, त्याचाही मला राग आला.

त्यांचं लग्न देवळात होऊ शकलं असतं. मुलगा ख्रिस्ती नसला तरी बिशपांची परवानगी मिळते. फक्त आपल्या बाजूच्या माणसाला एक वचन द्यावं लागतं, की होणाऱ्या मुलांना बाप्तिस्मा मिळावा म्हणून माझ्याकडून होईल तेवढं मी करीन. फादरनी तिला समोर बसवून हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला हे नाही म्हणता येणार. मुलं आमची दोघांची असतील. मोठी झाली की ती ठरवतील." फादर समजूतदार होते. ते म्हणाले, अगं, होईल तेवढंच करायचंय. ती म्हणाली, "होईल तेवढंही मी करणार नाही, फादर. मग म्हणू कशी?" मी टेबलाखालून तिचा पाय दाबत होते. तिने पाय बाजूला घेतला. त्यांनी रजिस्टर लग्न केलं आणि त्या दिवसापासून तिने ख्रिस्तप्रसाद, रविवारच्या मिस्सा-उपासनेत वेदीपुढे मिळणारी ती भाकर, घेतला नाही. तिला कोणी नको म्हणायला गेलं नव्हतं. देवळाबाहेर लग्न केलं की मिस्सात तो घ्यायला पुढे जायचं नसतं, हे तिला माहीत होतं. लहानपणी तिचा पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा वर्ग मीच घेतला होता.

तिचे वडील तेव्हा होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "तुझीच मुलगी आहे, दुसरं काय होणार?" आता तेही नाहीत. त्यामुळे हे वाक्य मला माझं मलाच म्हणावं लागतं.

नातू झाला. तो जरा चालायला लागल्यावर मुलगी म्हणाली, "आई, शनिवार-रविवार त्याला तुझ्याकडे ठेवते. तू देवळात जाशील तेव्हा तोही येईल, ते ठीक आहे, घरी एकटा कसा राहील? पण त्याला यात ओढायचं नाही. ओढलंस तर रविवार बंद." मी बरं म्हटलं. नातू मिळतोय म्हटल्यावर मी कशालाही बरं म्हटलं असतं.

ते पहिलं वर्ष मला फार जड गेलं, ते आंघोळीपायी. रविवारी सकाळी मी त्याला पाटावर बसवायची, कोमट पाण्याचा तांब्या हातात घ्यायची आणि त्याच्या डोक्यावर ओतायची. तो डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून बसायचा. आता गंमत अशी, की मूल अत्यवस्थ असेल आणि फादर जवळ नसतील तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, हे मी दर वर्गात शिकवते. साधं पाणी लागतं आणि एक वाक्य लागतं. पाणी माझ्या हातात होतं. वाक्य मला झोपेतही म्हणता येतं. कोणाला कळलंही नसतं. पण समोरचं पोर चांगलं गुटगुटीत होतं, साबणाच्या फेसाशी खेळत होतं. तांब्या ओतताना मी मुद्दाम मोठ्याने बोलत राहायची, "कान धू, मान धू, बगल धू," म्हणजे तोंडून दुसरं काही निघायला नको. मनातून मला ते वाक्य म्हणायचं होतं. दर रविवारी म्हणायचं होतं. त्याला न्हाऊ घालून टॉवेलात गुंडाळला की मला दमल्यासारखं व्हायचं.

तो मोठा झाला आणि रविवारच्या माझ्या मुलांच्या वर्गात मागे बसायला लागला. मिस्सा संपली की तिसरी-चौथीची मुलं थांबतात. मी त्यांना पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी तयार करते. भाकर म्हणजे काय, इथून सुरुवात होते. मी सगळ्यांना घरून एकेक घास आणायला सांगते. वाडीवरची मुलं नाचणीची भाकरी आणतात, कॉलनीतली बेकरीचा पाव आणतात, एकाच्या डब्यात नेहमी चपातीचा चुरमा असतो. सगळं एका ताटात ठेवून मी सांगते, येशूने त्या रात्री वेगळं काही मागवलं नाही, घरात जे होतं तेच हातात घेतलं. मग आम्ही ते ताट खाऊन टाकतो. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात हे नाही, पण माझ्या वर्गात एकही मूल हा धडा विसरत नाही.

नातू मागे बसून चित्रं काढायचा. दुसरीतलं पोर, मी त्याला काही विचारायची नाही. पण एखादा मुलगा उत्तरात अडला की मागून हळूच उत्तर यायचं. मी ते न ऐकल्यासारखं करायची. न ऐकल्यासारखं करणं मला किती कठीण जात असेल, हे माझ्या वर्गात बसलेल्या कोणालाही विचारा.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडून एक गोष्ट झाली. ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मुलं दोन-दोनच्या जोडीने वेदीपर्यंत चालत जातात. वाडीवरची एक मुलगी आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली होती. ती कधी परतेल याचा पत्ता नव्हता. त्यामुळे सरावाला जोडी पुरी होईना, शेवटचा मुलगा एकटाच डुगडुगत चालायचा आणि मुली हसायच्या. मी वैतागून नातवाला हाक मारली, "ये रे, उभा राहा याच्या शेजारी." तो उठून आला. दर रविवारी येत राहिला. हात कसे धरायचे, डावा तळवा वर, उजवा खाली, मान किती झुकवायची, "आमेन" कधी म्हणायचं, सगळं त्याने इतरांपेक्षा नेटकं केलं. मिस्सात अर्पण न झालेले, नुसतेच होस्ट, पिठाच्या त्या पातळ गोल चकत्या, फादरनी सरावासाठी दिले होते. मी एकेक मुलांच्या तळव्यावर ठेवत गेले. त्याच्याही ठेवला. एवढ्याने काय होतंय, म्हटलं.

त्याने तो खाल्ला, तोंड वाकडंतिकडं केलं आणि म्हणाला, "हा नुसताच आहे ना, आजी? खरा कधी?"

बाप्तिस्मा झाल्याशिवाय खरा मिळत नाही, हे त्याला मी कुठल्या तोंडाने सांगणार? मी त्याला ओळीतून पुढे ढकललं.

मे महिन्यात वीटभट्ट्या बंद झाल्या आणि ती मुलगी परत आली, तिचा पांढरा फ्रॉक शिवायला टाकला, जोडी पुरी झाली. नातू आपल्या जागी जाऊन उभा राहिला तर तिथे ती उभी होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. "मग मी कोणाबरोबर?" सगळ्या मुलांसमोर मला त्याला मागे बसवावं लागलं. तो रडला नाही, काही नाही. बाकावर बसून चपलेचा पट्टा काढायचा, लावायचा, असं करत राहिला. रडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मुलगी त्याला न्यायला आली. तिने गाडी स्टँडवर लावायच्या आतच त्याने विचारलं, "मम्मी, मला बाप्तिस्मा का नाय दिला?"

तिने हेल्मेट काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी दारातच उभी होते. तिने त्याला शेजारच्या अंगणात खेळायला पाठवलं आणि आत येऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

"आई, तू शब्द दिला होतास."

"मी त्याला काही शिकवलं नाही."

"तुझ्यासमोर बसून कोणी न शिकता उठलंय का?"

हे खरं तर कौतुक होतं, पण ती रागात होती. मीही रागात होते, आणि मी आजपर्यंत कधी बोलले नव्हते ते बोलून गेले. म्हटलं, "मी परक्यांची पोरं ओळीने उभी करते. त्यांचे हात नीट जुळवून देते. माझं एकटं पोर मागच्या बाकावर. मला काय वाटत असेल गं? तू तेव्हा एक शब्द बोलली असतीस फादरसमोर, तर आज हे झालं नसतं. लोक बोलतात आणि विसरतात. कोण तपासायला येतं?"

ती म्हणाली, "हे तू बोलतेस? तूच शिकवलंस ना, वेदीपुढे खोटं घेऊन जायचं नाही म्हणून? मी आठ वर्षांची होते. मी ते खरं मानलं. वर्गातल्या बाकीच्या सगळ्यांनी लग्नाच्या वेळी हवं ते म्हणून टाकलं आणि आता दर रविवारी पुढे जातात. मी जात नाही. तुला वाटतं मला सोपं जातं?"

इतकी वर्षं मी धरून चालले होते, की तिला त्याचं काही नाही. ती नर्स आहे, कामात असते, सासरी रमली आहे, तिचं मन उडालंय. मला हेच सोयीचं होतं. मन उडालेल्या माणसावर रागावता येतं. ती स्टुलावर बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि माझ्या आतापर्यंतच्या सगळ्या वर्गांत माझं सगळ्यात जास्त कोणी ऐकलं असेल, तर हिने.

"रविवार बंद करणार आहेस?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"त्याला विचारते मी. तो मागतो म्हणाला तरी आत्ता नाही, आई. त्याला वाटतंय ती सगळ्या पोरांची गंमत आहे आणि आपल्यालाच वगळलंय. जरा मोठा होऊ दे. तेव्हाही म्हणाला तर आम्ही दोघं येऊन बसू तुझ्या शनिवारच्या वर्गाला." मग ती म्हणाली, "ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मात्र त्याला मागे बसवू नकोस. ज्यांना तो घ्यायचा नसतो ते हात छातीवर दुमडून नुसता आशीर्वाद घेतात ना? तसा जाऊ दे."

"जावई?"

तिने तिथूनच त्याला फोन लावला. माथेरानला सीझन ऐन भरात होता, मागून घोड्यांचे आणि गिऱ्हाइकांचे आवाज येत होते. तो ओरडून म्हणाला, "आशीर्वादाला कोण नाय म्हणतं? घेऊ दे की. आईंना सांग, मोबाईलवर फोटो काढा."

त्या फोननंतर मी नातवाला अंगणातून हाक मारली आणि हात छातीवर कसे दुमडायचे ते दाखवलं. त्याने पुन्हा विचारलं, "मग खरा मला कधी?" मुलगी म्हणाली, "तू अजून मोठा झालास आणि तेव्हाही हवा असला तर. तेव्हा तू सांग, मी ऐकीन." त्याला ते पटलं की नाही ते कळलं नाही. लहान मुलांना वेळ म्हणजे काय ते कळत नाही, आणि माझ्या वयाच्या माणसाला ते फार कळतं. ती "मोठा झालास" म्हणाली तेव्हा मी मनात माझं वय मोजत होते.

ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मुलगी ड्यूटी बदलून आली. निळा ड्रेस, कपाळावर छोटी टिकली. मधल्या बाकावर नातवाला घेऊन बसली. मी माझ्या मुलांच्या मागे होते. वाडीवरच्या त्या मुलीचा फ्रॉक लांब झाला होता, तो तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि आता हात कसे पुढे करायचे या काळजीत ती होती. मी मागून फ्रॉक धरला. जोड्या पुढे गेल्या, एकेकाने तळवे धरले, एकेकाने आमेन म्हटलं, कोणी अडखळलं नाही. मला अभिमान वाटला, नाही म्हणत नाही.

मग बाकीची माणसं बाकांवरून उठली. माझ्या मुलीच्या बाकावरची माणसं तिला ओलांडून निघाली. तिने गुडघे एका बाजूला घेतले, पर्स उचलून मांडीवर ठेवली. प्रत्येक जण तिला घासून जाताना "एक्स्क्यूज" म्हणत होता आणि ती हसून मान हलवत होती. शेवटी अख्ख्या बाकावर ती एकटी राहिली. नातू ओळीत लागला होता, हात छातीवर इतके घट्ट दुमडून, की जणू थंडी वाजतेय. फादरनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. तो मागे वळला तो थेट आईकडे बघत. तिने त्याच्यासाठी बाकावर जागा केली.

मी माझा ख्रिस्तप्रसाद घेतला. जागेवर येऊन गुडघे टेकले आणि डोळे मिटले, पण प्रार्थना काही होईना. मला माझी दोघं हवी होती, तिथे, माझ्या पुढे-मागे, त्याच ओळीत. देवाला यापेक्षा वेगळं काही सांगायला माझ्याकडे नव्हतं.

दुपारी सगळे घरी जेवलो. नातू नव्या बॉलच्या मागे अंगणात गेला. मी मांडणीवरून एक डबा काढला. होस्ट बनवणाऱ्या मठातल्या सिस्टर गोल चकत्या कापून झाल्या की उरलेल्या कडा, कातरण, पिशवीत भरून पाठवतात. ते साधं पीठ-पाणी असतं, मुलांचा खाऊ. मी ते मुलांना वाटण्यासाठी ठेवलं होतं, त्यातलं थोडं राहिलं होतं.

मुलगी ताटं गोळा करत होती. डबा उघडा बघून ती थांबली. एक तुकडा उचलून तिने तोंडात घातला आणि चावला नाही. मला तिची हनुवटी दिसत होती, गाल जरा आत गेले होते. "टाळूला चिकटतं," ती म्हणाली. "मी विसरलेच होते. जिभेने सोडवायला लागतं." तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती.

तिने डब्यातून दुसरा तुकडा घेतला, हातात धरून ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हे चालतं ना गं मला?"

"चालतं," मी म्हटलं. "खा."